ऋषिपंचमीची भाजी आणि चोथ्याचे माहात्म्य

गणरायाची प्राणप्रतिष्ठा झाली, उकडीच्या मोदकांचा नैवेद्य झाला, आरत्या झाल्या आणि घर जरा निवांत झाले की घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचे लक्ष परसाकडे वळते. उद्या ऋषिपंचमी. आळू किती आले आहे, माठाचे देठ जून झाले आहेत की कोवळे आहेत, वेलावर पडवळ उरले आहे का, याची चाचपणी सुरू होते. ज्यांच्या घराला परस उरलेले नाही त्या भगिनी दोन दिवस आधीच मंडईत फेरी मारून येतात. मुंबई-पुण्याच्या भाजीवाल्या या सुमारास 'ऋषीची भाजी' म्हणून वेगळे वाटे लावून बसतात. आळूची चार पाने देठांसकट, लाल माठाची जुडी, मूठभर भेंडी, भोपळ्याची फोड, सुरणाचा तुकडा, दोडका, मक्याचे कणीस, असे सगळे त्या एका वाट्यात असते. एरवी घासाघीस करणारी गृहिणी त्या दिवशी भाव न विचारता वाटा पिशवीत घालते.

ऋषिपंचमीच्या व्रताची कथा वाचकांना ठाऊक आहे. ती येथे पुन्हा सांगत नाही. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सप्तर्षींचे अरुंधतीसह पूजन व्हावयाचे आणि त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, एवढे स्मरण पुरेसे आहे. या लेखात विचार करावयाचा आहे तो त्या दुसऱ्या नियमाचा आणि त्यातून पानात येऊन पडणाऱ्या पदार्थांचा.

बैलाच्या श्रमाचे नको, हे ऐकावयास लहानसे वाटते. पण जुन्या काळच्या घरात या एका वाक्याने स्वयंपाकघराचे जवळजवळ सगळे डबे बंद होत असत. नांगराने पेरलेला गहू गेला, ज्वारी गेली, शेतातला तांदूळ गेला, डाळी गेल्या. तेल घाण्याचे आणि घाणा बैलाचा. म्हणून तेल गेले. उसाचा चरक बैल फिरवीत, म्हणून गूळही गेला. मोटेच्या पाण्यावर वाढलेला मळ्यातील भाजीपाला गेला, कारण मोट ओढणाराही बैलच. मग राहिले काय? पावसाच्या पाण्यावर आपोआप आलेले, हाताने लावलेले, कुदळीने उकरून काढलेले. पाने, देठ, कंद, शेंगा, वेलीवरची फळे. भात हवाच असेल तर न नांगरता आलेला देवभात, नाहीतर वरी. फोडणी नाही, मसाला नाही. चिंच किंवा आमसूल, ओले खोबरे, एखादी हिरवी मिरची आणि वरून लोण्याचा गोळा. मीठ घालावे की नाही, दूध-दही चालते की नाही, याबाबत घराघरांत भेद आहेत आणि प्रत्येक घर आपलेच खरे मानते. आमच्या शेजारच्या एका चिमुरडीने आपल्या आजीला विचारले होते की, आता शेत ट्रॅक्टरने नांगरतात, मग पोळी का चालत नाही? आजीबाईंनी तिला उत्तर दिले नाही. माठ निवडावयास बसविले.

आहारशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या दिवशीच्या पानात एक गोष्ट ओतप्रोत भरलेली असते आणि ती म्हणजे चोथा. पाठ्यपुस्तकांत त्यास तंतुमय पदार्थ असे भारदस्त नाव आहे. परंतु लाल माठाचा जाड देठ ज्याने चोखून खाल्ला आहे त्यास चोथा हाच शब्द जवळचा वाटेल. देठातला रस आणि गर ओढून घ्यावा आणि उरलेले दोरे पानाच्या कडेला ठेवावेत. पंगत उठते तेव्हा प्रत्येक पानाशी त्याची लहानशी रास दिसते. हा शब्द आपल्या बोलीत काही मानाचा नाही. लिंबू पिळून उरतो तो चोथा, चहा गाळून उरतो तो चोथा. ज्यातले सत्त्व निघून गेले तो चोथा, अशीच आपली समजूत.

वैद्यकशास्त्राचीही अनेक वर्षे हीच समजूत होती. अन्नातून प्रथिने मिळतात, पिष्टमय पदार्थ मिळतात, स्निग्ध पदार्थ, क्षार आणि जीवनसत्त्वे मिळतात. जे पचत नाही ते फेकून द्यावयाचे. गिरण्यांनी गव्हाचा कोंडा वेगळा काढून मैदा पांढराशुभ्र केला, तांदळाला पॉलिश केले, आणि या प्रकाराला सुधारणा असे नाव मिळाले. १९५३ साली हिप्स्ली या ऑस्ट्रेलियन वैद्याच्या लेखात 'आहारातील तंतू' असा शब्दप्रयोग आला, तेव्हा त्याकडे फार कोणी लक्ष दिले नाही. लक्ष वेधले ते डेनिस बर्किट आणि ह्यू ट्रॉवेल या दोन डॉक्टरांनी. दोघांनीही पूर्व आफ्रिकेत दीर्घकाळ रुग्णसेवा केली होती. बर्किट हे आयर्लंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद; युगांडातील कंपाला येथे त्यांनी अनेक वर्षे शस्त्रक्रिया केल्या. आपल्या देशातील रुग्णालये ज्या विकारांनी भरलेली असत, मूळव्याध, आंत्रपुच्छदाह, मोठ्या आतड्याला येणारे फुगे, मोठ्या आतड्याचा कर्करोग, ते विकार युगांडाच्या खेड्यांतील लोकांत इतके विरळ का, हा प्रश्न त्यांना पडला.

त्याचे उत्तर शोधताना त्यांनी जे केले त्याची काही सभ्य मंडळींनी थट्टा केली असेल. त्यांनी लोकांच्या मळाचे वजन केले आणि खाल्लेले अन्न बाहेर पडावयास किती तास लागतात ते मोजले. १९७२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी वॉकर व पेंटर या सहकाऱ्यांसह हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातील आफ्रिकी माणसाच्या पोटातून अन्न साधारण दीड दिवसात पुढे जात होते. ब्रिटनमधील माणसाच्या पोटात ते त्याच्या दुप्पट वेळ रेंगाळत होते, आणि मळाचे वजनही तिकडच्या मानाने फारच थोडे भरत होते. दोन्हीकडच्या आहारातील मोठा फरक चोथ्याचा होता. बर्किट यांचे सगळेच तर्क पुढे टिकले असे नाही. आतड्याच्या फुग्यांबाबत नंतरच्या संशोधकांनी शंका काढल्या आहेत, आणि आफ्रिकेतील जीवन व इंग्लंडमधील जीवन यांत चोथ्याखेरीज इतरही शंभर फरक होते. पण मूळ मुद्दा पडला नाही. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्येच न्यूझीलंडमधील संशोधकांनी जगभरच्या जवळजवळ अडीचशे अभ्यासांचा आढावा घेतला. भरपूर चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यूचे प्रमाण अगदी कमी चोथा खाणाऱ्यांपेक्षा पंधरा ते तीस टक्क्यांनी कमी आढळले.

हा चोथा पोटात जाऊन करतो तरी काय? तो जठरात पचत नाही, लहान आतड्यात पचत नाही, आणि न पचणे हेच त्याचे कार्य आहे. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक पाण्यात न विरघळणारा. पालेभाज्यांचे दोरे, गव्हाचा कोंडा, फळांच्या साली यांत तो मुख्यत्वे असतो. तो पाणी धरून ठेवतो, मळाला आकार व मऊपणा देतो आणि आतड्याच्या भिंतीला पुढे ढकलण्यासाठी काहीतरी हाताशी देतो. रिकाम्या पिशवीला पिळून काही निघत नाही. भरलेल्या पिशवीला दाबले की आतले पुढे सरकते, तसे हे आहे. दुसरा प्रकार पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा. भेंडीचा चिकटपणा, मेथीदाण्यांचा बुळबुळीतपणा, पेरूतील पेक्टिन, इसबगोलाचा फुगणारा भुसा हे सगळे त्यात येतात. हा प्रकार अन्नातील साखर रक्तात हळूहळू उतरू देतो आणि पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, त्यामुळे रक्तातील कोलेस्टेरॉलही काही प्रमाणात उतरते.

मोठ्या आतड्यात यापुढचा भाग घडतो आणि तो बर्किट यांच्या काळी आजच्याइतका स्पष्ट नव्हता. तेथे कोट्यवधी सूक्ष्म जंतू वस्ती करून असतात. आपल्याला न पचलेला चोथा हे त्यांचे अन्न. ते त्यास आंबवितात आणि त्यातून ब्युटिरिक आम्लासारखी लहान आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा याच आम्लापासून मिळवितात. म्हणजे ज्याला आपण टाकाऊ समजतो त्यावर आपल्याच शरीराचा एक भाग पोसला जातो. चोथा कमी पडला की त्या वस्तीची उपासमार होते. अस्तरही दुबळे होते.

आता एक घरची गोष्ट सांगतो. तिच्यामुळेच मी या विषयाकडे वळलो.

माझी आत्या लहान वयात विधवा होऊन आमच्याकडे राहावयास आली होती. तिचा चातुर्मास कडक असे. एकभुक्त राहावयाचे, शिवाय दोन्ही एकादश्या, चतुर्थी, सोमवार आणि गुरुवार. दिवस मोजले तर आठवड्यातून तीन-चार दिवस तिच्या पोटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि चहा याखेरीज काही जात नसे. आई तिच्यासाठी खिचडी हौसेने करी. साबुदाणा मऊ भिजावा, दाणा दाण्याला चिकटू नये, वरून लिंबू असावे, यात कधी कसूर होत नसे. आत्याला दात उरले नव्हते, म्हणून जेवणाच्या दिवशीही ती पालेभाजी बाजूस सारी आणि भात-वरणावर भागवी. रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी बेताचेच पिई. बद्धकोष्ठ हे तिचे जुने दुखणे. त्यावर एक बाजारी रेचक चूर्ण ती रोज रात्री घेई, आणि एक चमचा पुरेनासा झाला की दोन घेई. घरात याची कोणी गंभीर दखल घेतली नाही. वय झाले की पोट असे वागतेच, असे आम्ही धरून चाललो होतो.

१९९४ सालच्या श्रावणात तिचे पोट फुगले. चार दिवस शौचास झाले नव्हते, पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. तालुक्याच्या गावी नेले. मळाचे खडे होऊन ते अडकून बसले होते. एनिमा देऊन, आणि शेवटी हाताने, ते काढावे लागले. तिला वेदना किती झाल्या हे तिने कधी सांगितले नाही. झालेल्या लाजेबद्दल मात्र ती पुढे वर्षभर बोलत होती. डॉक्टरांनी आईला बाजूस घेऊन विचारले की, या काय खातात? आईने सांगितले. ते म्हणाले, "अहो, या आजींच्या पोटात नुसते पीठ जाते आहे." आई घरी आल्यावर चुलीपाशी बसून राहिली. आपण प्रेमाने वाढीत होतो तेच हे, हे तिच्या मनातून जाईना.

आत्याने मात्र खाटेवरूनच जाहीर करून टाकले की, उपास सुटणार नाहीत. डॉक्टरांनी उपास सोडावयास सांगितलेच नव्हते. पण आजारी माणसाला असे वाटते खरे की, आपल्या नेमावरच घाला येतो आहे.

साबुदाण्याचा आणि धर्माचा संबंध किती, याचा शोध मी त्यानंतर घेतला. साबुदाणा मूळचा मलाया द्वीपसमूहातील साबूच्या झाडाच्या गाभ्याचा. आज आपल्या बाजारात येतो तो बहुतांशी टॅपिओका म्हणजे कसावा या कंदाच्या पिठाचा, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मार्गाने हिंदुस्थानात आला. त्रावणकोरच्या विशाखम् तिरुनाळ महाराजांनी एकोणिसाव्या शतकात त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. तामिळनाडूतील सेलम भागात साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. तेव्हा साबुदाण्याला व्रतग्रंथांचा आधार शोधणे व्यर्थ आहे. मात्र एवढ्यावरून त्यास परका म्हणून हाकलून देणेही न्यायाचे होणार नाही, कारण तो न्याय लावला तर बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि राजगिऱ्याचे दाणेही अमेरिकेचेच आहेत! उपासाच्या ताटातील निम्मे पाहुणे समुद्रापलीकडून आले आहेत. धान्यांची यादी ठरली त्या वेळी ते येथे नव्हतेच. म्हणून कदाचित निषिद्धांत गणले गेले नाहीत आणि मागच्या दाराने उपासात शिरले.

खरा भेद देशी-परदेशी असा नसून चोथा आहे की नाही असा आहे. कसाव्याचा कंद किसून, धुऊन, त्यातील दोरे वेगळे काढून उरलेल्या शुद्ध पिष्टाचा साबुदाणा होतो. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात चोथा जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास. त्यात जे काही चांगले आहे ते दाण्याच्या कुटात, कारण शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम चोथा असतो. खिचडीत कूट सढळ हाताने घालणारी गृहिणी आहारशास्त्र न वाचताच बरोबर वागते. राजगिऱ्यात सुमारे सात ग्रॅम, रताळ्यात चार, सुरणात चार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची जी कोष्टके प्रसिद्ध केली त्यांत आळूच्या पानांत शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमच्या वर, लाल माठाच्या पानांत पाचाच्या जवळपास आणि भेंडीत चार ग्रॅम चोथा नोंदलेला आहे. ज्वारीत दहा, बाजरीत व कोंड्यासकट दळलेल्या गव्हात अकरा. मैद्यात आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात मात्र तीनही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढ माणसासाठी दिवसाकाठी निदान पंचवीस ग्रॅम चोथा सुचविला आहे. ऋषिपंचमीला पाव किलोच्या थोडी वर भाजी पोटात गेली तर त्यातील दहा-बारा ग्रॅम एका बैठकीत पदरी पडतात. त्याऐवजी खिचडीचे ताट आणि वेफर्सची पुडी घेतली तर संध्याकाळपर्यंत चार-पाच ग्रॅमचा हिशेब जमला तरी पुष्कळ.

येथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. ऋषींनी हे व्रत बद्धकोष्ठावर उपाय म्हणून सांगितले, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो मोह होत नाही. व्रत हे व्रत म्हणून करावयाचे असते. त्यातून आतड्याचा लाभ झाला तर तो प्रसाद समजावा. प्रत्येक आचाराला प्रयोगशाळेचा शिक्का मारून घेण्याने श्रद्धेचा मान वाढत नाही आणि शास्त्राचाही वाढत नाही. शिवाय ऋषिपंचमी वर्षातून एकदा येते. तीनशे चौसष्ट दिवस मैदा व पिष्ट आणि एक दिवस कंदमूळ, हा सौदा पोटाला मान्य होत नाही.

जुन्या वैद्यांनी शौचाच्या बाबतीत दुसरे जे बजावले आहे ते येथे सांगण्याजोगे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच 'नवेगान्धारणीय' असे आहे. शरीराचे नैसर्गिक वेग अडवू नयेत, हा त्याचा विषय. गणपतीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले, शौचकूप एक, आणि गृहिणी पहाटे चारला उठून सोवळ्याच्या स्वयंपाकाला लागलेली. पुन्हा स्नान करावे लागेल म्हणून ती वेग आवरून धरते. दुपारी सवड मिळते तेव्हा वेग निघून गेलेला असतो. असे पाच दिवस चालले की मळ कोरडा पडतो, कारण मोठे आतडे जितका वेळ मिळेल तितके पाणी त्यातून ओढून घेते. मग कितीही आळू खाल्ले तरी कुंथणे चुकत नाही. घरातील पुरुषांनी सकाळी नैवेद्याची घाई करण्यापूर्वी याचा विचार केला तर बरे होईल.

चोथा वाढवावयाचा तर दोन पथ्ये अवश्य पाळावीत. पहिले पाणी. पाण्यावाचून चोथा म्हणजे ओल नसलेली माती. तो अडकून बसतो आणि दुखणे वाढवितो. विशेषतः इसबगोल घेणाऱ्यांनी तो पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावा आणि वर आणखी पाणी प्यावे. कोरडा कधीही तोंडात टाकू नये. दुसरे, घाई नको. वर्षानुवर्षे साबुदाण्यावर राहिलेल्या पोटात एका दिवशी सुरण, माठ व कणसे एकदम ओतली तर पोट फुगते, वारा धरतो आणि माणूस म्हणतो की, मला भाजी सोसत नाही. जंतूंच्या वस्तीलाही नव्या अन्नाची सवय व्हावी लागते. दोन-तीन आठवड्यांत थोडेथोडे वाढवावे. ज्यांच्या आतड्याची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा आतडे कोठे अरुंद झाले आहे त्यांनी, तसेच ऑक्झलेटच्या मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी, आळू-माठाची भरपूर भाजी खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहावर औषध घेणाऱ्यांनी उपासाचे वेळापत्रकही त्यांना दाखवावे. शौचातून रक्त जाणे, वजन कारणाविना घटणे, किंवा उतारवयात शौचाची सवय एकाएकी बदलणे ही लक्षणे चोथ्याने झाकू नयेत. त्यांची तपासणीच व्हावयास हवी. लोहाच्या गोळ्यांनी आणि इतर काही औषधांनीही कोठा जड होतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

दात नसलेल्यांचे काय, हा प्रश्न आमच्या घरी त्या भाद्रपदात उभा राहिला. आत्या रुग्णालयातून येऊन पंधरा दिवस झाले होते. आईने आळूची पाने शिरा काढून बारीक चिरली, देठ सोलून बोटाच्या पेराएवढे केले, सुरण आमसुलाच्या पाण्यात शिजविले म्हणजे घशाला खाजू नये, आणि सगळे एकत्र मंद आचेवर इतके मऊ होऊ दिले की पळीने मोडावे. शिजल्याने चोथा नाहीसा होत नाही. फक्त नरम होतो. मोठ्या भांड्यातली भाजी वेगळी आणि आत्याची वेगळी, असे करावयाचे आईच्या मनात होते. पण मग घरातील सर्वांनीच तशी मऊ भाजी खाल्ली, आणि ती मुलांना अधिक आवडली हे आम्हांला तेव्हा कळले.

पुढच्या एकादशीस आत्या आपण होऊन म्हणाली की, आज खिचडी नको; रताळे उकड, थोडा भोपळा कर, आणि राजगिऱ्याची भाकरी थापता आली तर थाप. राजगिऱ्याची पाने उपासास चालतात की नाही यावर तिची आणि शेजारच्या काकूंची दोन दिवस चर्चा झाली. काकूंच्या माहेरी चालत होती, आमच्या घरी नव्हती. शेवटी आत्याने आपल्या माहेरचा, म्हणजे आमच्याच घरचा, रिवाज मोडून काकूंच्या माहेरचा स्वीकारला. त्याचे आम्हांला फार आश्चर्य वाटले. सोमवार आणि गुरुवारी फराळ सोडून तिने रात्री एक वेळ पालेभाजी-भाकरी खावयास आरंभ केला; एकभुक्ताच्या नियमात ते बसतही होते. दुपारचे दोन तांबे पाणी ती आईच्या देखत पिई. तिचे बद्धकोष्ठ समूळ गेले असे मी म्हणणार नाही. अधूनमधून इसबगोल लागेच, आणि वर्षांच्या सवयीने निबर झालेले आतडे पूर्ववत होण्यास फार काळ लागतो. पण ते रेचक चूर्ण हळूहळू सुटले आणि रुग्णालयाची पायरी त्या कारणासाठी पुन्हा चढावी लागली नाही. ती २००६ साली, ऐंशी वर्षांची होऊन गेली.

तिच्या हयातीत आमच्या घरी ऋषिपंचमीला भाजी नेहमी मऊच होत असे. लाल माठाचे चार-पाच जून देठ मात्र ती आईला आवर्जून अख्खे टाकावयास लावी. दात नसले तरी हिरड्यांनी ती ते चोखी. शेजारी बसलेल्या नातवंडांना ते कसे धरावे, गर कसा ओढून घ्यावा, हे दाखवी, आणि जेवण झाल्यावर आपल्या पानाकडेचे दोरे मोजून सांगे की, आज माझे पाच झाले.